दुसऱ्या फोल्डरमधल्या बाया

हे मी आजवर कुणापुढंच बोललेले नाही. अम्मीपुढं नाही, नवऱ्यापुढं नाही. दुआ मागताना मनातल्या मनातसुद्धा मी ते पुरतं म्हणत नाही — अर्ध्यावर आलं की गडबडीनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. आत्ताही बघा ना, लिहायला बसले तर भलतंच सुचतंय. दुकानाच्या शटरला रंग कुठला होता, कळमनुरीची बस किती वाजता यायची. काय करायचंय ते? पण मला तिथूनच यावं लागेल. सरळ बोलायची हिंमत असती तर नऊ वर्षं गेली असती का?

मी डोंगरकड्याची, नसरीन. अब्बांचं स्टँडजवळ लेडीज टेलरचं दुकान आहे. शाळेत असल्यापासून मी त्यांना वहीत ब्लाउजचे गळे काढून द्यायची — पानाचा गळा, मटका गळा, मागून दोरीचा. बाया यायच्या, वहीतल्या गळ्यावर बोट ठेवायच्या, अब्बा तसा शिवायचे. माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

बारावीनंतर मी कळमनुरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. त्याच बसला आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची एक मुलगी चढायची. सविता. माझ्याच वयाची. ती खिडकीशी बसून वहीच्या मागच्या पानांवर बॉलपेननं बाया काढायची. हंडा उतरवून कंबरेवर हात ठेवलेली एक. चपलेतला काटा काढायला एका पायावर उभी राहिलेली एक. मी विचारलं, ही कोण?

"ही याडी," ती म्हणाली. "म्हंजे आई. आन् ही काकी. ही कोण न्हाई, अशीच काढली."

कार्टूनच होत्या त्या. डोळे मोठाले, नाक म्हणजे नुसता ठिपका, मान काडीएवढी. पण ती बाई दमली आहे, का कुणावर चिडली आहे, का उगाच उभी आहे — ते तुम्हाला शेजारच्या सीटवरून कळायचं. कसं कळायचं? मी नंतर किती वर्षं त्याचा शोध घेत बसले, तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही.

त्या सुमाराला मोबाईलचं नेट स्वस्त झालं आणि मी हिंदीतले व्हिडिओ बघू लागले — कॉम्प्युटरवर चित्र कसं रंगवायचं, कार्टूनमधली बाई कशी उभी करायची. अब्बांनी जुना लॅपटॉप घेऊन दिला. पेन टॅबलेट मी नांदेडहून आणला. ती एक काळी पाटी असते. तिच्यावर पेन फिरवायचा आणि रेघ उमटते समोर स्क्रीनवर. हात खाली, नजर वर. मला ते जमायला दोन महिने लागले. सविता एका दुपारी दुकानात आली, मी म्हटलं बघ जमतंय का, आणि तिनं पाच मिनिटांत काकीला स्क्रीनवर आणून बसवलं.

"हाताकडं न बघता कसं काय करून राहिलीस?" मी विचारलं.

ती हसली. "भाकरी थापताना कोण बघतंय हाताकडं?"

तेव्हाच मला तिचा हेवा वाटला होता का? वाटला असावा. पण ती मला आवडायची, हेही तितकंच खरं आहे. तिची वाट बघायची मी. ती आली नाही तर तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा.

दोन वर्षं आम्ही शिकलो. दर गुरुवारी दुकानाच्या मागच्या खोलीत, अस्तराच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर बसून. व्हिडिओ मी आधी बघून ठेवायची आणि तिला समजावून सांगायची. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वाकडी रेघ ओढायची आणि तिच्यावर बाई उभी करायची. केस बटबट काढत बसायचं नाही, आधी सगळ्या केसांचा मिळून एक आकार. रेघ एका थरावर, रंग दुसऱ्या थरावर, सावली तिसऱ्या — म्हणजे एक बिघडलं तर बाकीचं शाबूत राहतं. सावलीला काळा रंग घ्यायचा नाही, कातडी मेल्यासारखी दिसते, जांभळट घ्यायचा. हे सगळं मला पाठ होतं. माझी रेघ स्वच्छ यायची, माझे रंग कधी बाहेर सांडायचे नाहीत. आणि माझ्या बाया सुंदर होत्या. सगळ्याच सुंदर होत्या, सगळ्या एकमेकींसारख्या. एकीची साडी काढून दुसरीला नेसवली असती तर कुणाला कळलं नसतं.

सविता थर विसरायची. सगळं एकाच थरावर काढून ठेवायची आणि मग चुकलं की कपाळाला हात लावायची. मी ओरडायची तिला. पण तिची बाई वाकली की कंबरेत वाकायची, बसली की तिचं वजन जमिनीवर पडायचं. ती गेल्यावर मी तिची फाईल उघडून बसायची, मोठी करून करून बघायची — खांदा किती उतरलाय, मान कुठून वळलीय. तसंच्या तसं मी काढायची. आणि माझी बाई फोटो काढायला उभी राहिल्यासारखी दिसायची.

मग पुण्याच्या एका स्टुडिओची जाहिरात दिसली. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करायचे ते. घरी बसून काम करणारं एक माणूस पाहिजे होतं. त्यांनी परीक्षेसारखं काम दिलं होतं — एकाच गावातल्या पाच बाया काढून पाठवा. म्हातारी, नवी नवरी, बाई म्हणजे शिक्षिका, भाजीवाली आणि पोलीस.

दोघींनी काढल्या. सविताकडं स्वतःचा मोबाईल नव्हता, ईमेल नव्हता, म्हणून दोघींच्या बाया माझ्याच ईमेलवरून गेल्या. दोन फोल्डर. पहिला माझा, दुसरा तिचा, दोन्हींवर नावं. हे मी मुद्दाम सांगते आहे — पाठवताना मी काहीच लबाडी केली नाही. करायची गरजच वाटली नाही. माझंच काम निवडतील याची मला खात्री होती. सविताची समजूत कशी काढायची, तेसुद्धा मी शब्दाशब्दानं ठरवून ठेवलं होतं.

आठ दिवसांनी दुपारी उत्तर आलं. मी गल्ल्याशेजारी बसले होते, अब्बा मशीनवर बाही जोडत होते. स्टुडिओतल्या एका बाईंनी मराठीतच लिहिलं होतं, फार सभ्यपणे. पहिल्या फोल्डरमधलं काम नीटनेटकं आहे, पण अशा बाया आमच्याकडे पुष्कळ येतात. दुसऱ्या फोल्डरमधल्या बाया मात्र ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना बोलावून दाखवल्या. सविता यांच्याशी बोलता येईल का? त्यांचा नंबर कळवाल का?

माणूस असं काही करायच्या आधी किती वेळ घेत असेल? मलाही वाटायचं, खूप घेत असेल. घासाघीस करत असेल स्वतःशी. मी अब्बांची दुसरी बाही जोडून व्हायच्या आत उत्तर लिहून टाकलं होतं. सविताचं लग्न झालं, असं लिहिलं. सासरचे काम करू देत नाहीत, असं लिहिलं. तिला मीच शिकवलं आहे, तिच्या पद्धतीनं मी काढू शकते. दुसऱ्या दिवशी तिच्याच भाजीवालीवर कागद ठेवल्यासारखी रेघ ओढून, साडी आणि टोपली बदलून, ती नमुना म्हणून पाठवली. त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग हो म्हणाले.

झालं. सांगितलं. पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही.

गुरुवारी सविता आली. मी म्हटलं, माझं झालं, तुझं नाही झालं. तिचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच तिनं माझे दोन्ही हात धरले. स्टँडवर जाऊन जिलबी घेऊन आली. अब्बांना दिली, मला भरवली. मग गठ्ठ्यावर बसून, बोटं चाटत चाटत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्यात काय कमी पडलं गं? काही बोलले का ते?"

काही बोलले नाहीत, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं. मग काहून नाही म्हणाले मी तसं? कारण मला दिसलं, की ही आणखी काढेल. दुसरीकडं कुठंतरी पाठवेल. आणि कुणीतरी परत एकमेकांना बोलावून तिच्या बाया दाखवेल.

मी म्हणाले, "तुझ्या बाया गावंढळ दिसतात म्हणे. पाय केवढाले, हात तर गड्यासारखे. असल्या बाया कोण बघेल, असं म्हणाले."

तिनं खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. चपला दाराशी काढलेल्या होत्या. उन्हातून चालत आल्यामुळं पाय धुळीनं भरलेले. तिनं ते हळूच ओढणीखाली झाकून घेतले.

"बराबर हाय," ती म्हणाली. "आमच्या बाया तशाच हायेत."

मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं, की थांब. एक शब्द. मी जिलबीचा कागद घडी करून टाकून दिला आणि चहा ठेवायला उठले.

तिच्या वडिलांनी तिला एक वर्षाची मुदत दिली होती. कुठं काम लागलं तर ठीक, नाहीतर लग्न. हे मला माहीत होतं, आधीपासून माहीत होतं. सहा महिन्यांत सेनगावकडच्या एका तांड्यावर तिचं लग्न लागलं. मी ईमेलमध्ये लिहिलेलं खोटं असं खरं झालं. हळदीच्या आधी ती दुकानात आली, पिशवीतून चार वह्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. बसमधल्या, शेतातल्या, तांड्यावरच्या सगळ्या बाया त्यांत होत्या. "मला काय करायच्यात आता?" म्हणाली. "तुझ्या कामाला येतील." मी घेतल्या.

सात वर्षं मी त्या चार वह्यांवर काम केलं. पान उघडायचं, फोटो काढायचा, त्याच्यावर माझी स्वच्छ रेघ ओढायची, थर करायचे, जांभळट सावली घालायची. पाय मी बारीक केले नाहीत. पुण्याच्या बाईंना तेच तर आवडायचे. एकदा फोनवर म्हणाल्या, "तुमच्या बाया जमिनीवर घट्ट उभ्या असतात हो." मी थँक्यू म्हणाले. पुस्तकांवर माझं नाव छापून आलं. गावातल्या शाळेत माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. अब्बांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. मी खुर्चीत बसले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते, आणि खरं सांगू? मला लाज वाटत नव्हती. मला भीती वाटत होती, की वह्या संपत आल्या आहेत.

यातलं एक पुस्तक फिरत फिरत सविताच्या सासरच्या शाळेत पोचलं. तिचा फोन आला. वर्षातले सहा महिने ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची, त्यामुळं फोन क्वचितच यायचा. आवाज ऐकून मला वाटलं, कळलं हिला.

"अगं नसरीन, ही तर याडी हाय माझी!" ती रडत होती. "एका पायावर उभी राहून काटा काढून राहिली. तश्शीच. तिचा एक बी फोटो न्हाई गं आमच्याकडं. आन् तू ध्यानात ठेवलीस!"

तिची आई आदल्या साली वारली होती. मी त्या बाईंना उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. ते चित्र सविताचं होतं, अठरा-एकोणीस वर्षांच्या सविताच्या हातचं, बसमध्ये काढलेलं — आणि तिला स्वतःला ते ओळखू आलं नव्हतं. आई ओळखू आली, स्वतःची रेघ नाही. इतकं मी तिच्या मनातून ते पुसून टाकलं होतं.

"हो," मी म्हणाले. "आठवतात ना मला."

तिनं ते पान गुरुजींना विचारून घेतलं आणि घरात भिंतीला लावलं. त्याच्या खाली कोपऱ्यात माझं नाव आहे.

आता तेही काम राहिलं नाही. दोन वर्षांपासून कमी होत गेलं, मग थांबलं. कॉम्प्युटरला नुसतं लिहून सांगितलं की तो स्वतःच चित्र काढून देतो. पुण्याच्या बाईंनी शेवटच्या फोनवर सांगितलं, की तुमची जुनी चित्रं त्याला दाखवून ठेवली आहेत, त्यामुळं पद्धत तुमचीच राहील. तुमचीच म्हणाल्या. वह्या कपाटात आहेत. स्वतःच्या मनानं काढायला बसले तर अजूनही त्याच बाया येतात, फोटोला उभ्या राहिल्यासारख्या. मी आता अब्बांच्या दुकानात फॉल-पिको करते.

या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी सविता आली. तोड संपवून माहेरी आली होती. गालफडं बसलेली, हाताला घट्टे, पण हसणं तेच. बरोबर तिची मुलगी, दुसरीत जाणारी. आम्ही बोलत बसलो तोवर पोरीनं खाली पडलेला मार्किंगचा खडू उचलला आणि अस्तराच्या तुकड्यावर बाई काढायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पेंडी डोक्यावर घेऊन चाललेली बाई. मान पेंडीच्या वजनानं जराशी खाली गेलेली, एक टाच उचललेली. मी मशीन थांबवलं.

सविता वाकली. अंगठ्यानं तिनं त्या बाईचे पाय पुसले आणि खडू घेऊन तिथं दोन बारीक, टोकदार पाय काढले.

"एवढाले पाय काढू न्हाई, राणी," ती पोरीला म्हणाली, अगदी मायेनं. "गावंढळ दिसतंय."

मी तिथंच होते. तीन हातांवर.

मग ती माझ्याकडं वळली. "हिला शिकवशील का गं? सुट्टीभर तांड्यावर ठेवते. येईल रोज चालत. मला न्हाई जमलं, हिला तरी जमंल. तुझ्यासारखी झाली तर बस."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मला ती रेघ ओळखू आली होती. ही शेजारी बसून रोज काढायला लागली, तर एक दिवस तिची आईही बघेल आणि ही रेघ आपलीच, हे तिलाही ओळखू येईल. मी किती दिवस तोंड मिटून बसणार?

"ह्यात आता काही राहिलं नाही," मी म्हणाले. "मशीनच काढतं चित्रं. माझंच काम गेलं बघ. उगा लेकराचा वेळ काहून घालवतीस?"

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण मी म्हणाले ते खरं होतं म्हणून नाही.

सवितानं मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली. "तू न्हाई तर कोण सांगणार आमाला?" तिनं पोरीच्या हातातला खडू घेऊन टेबलावर ठेवला, तिचा हात धरला आणि दोघी बाजाराकडं गेल्या. केळीवाल्यांच्या गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत पोरगी मागं वळून दुकानाकडं बघत होती.

अब्बांनी तो बाई काढलेला अस्तराचा तुकडा मागितला. मी त्याची दोन्ही टोकं धरली, झटकला आणि त्यांच्या हातात दिला.